चाळीसही आमदारांना खुलं पत्र: शाळा रिकामी कोणी केली ते आधी सांगा

सन्माननीय आमदारांनो,

तुम्हा चाळीसही जणांना नमस्कार. सत्तेतल्यांना आणि विरोधातल्यांनाही, कारण मी ज्याबद्दल लिहितेय ते एका पक्षाने एका टर्ममध्ये केलेलं काम नाही, सगळ्यांचा हात लागलाय त्याला.

आमच्या वाड्यावरची सरकारी प्राथमिक शाळा पट कमी म्हणून दुसऱ्या गावातल्या शाळेत विलीन करणार, त्याबद्दल हे पत्र. खरं तर आम्हा पालकांचं लेखी निवेदन ज्या कचेरीत द्यायचं तिथे देऊन झालंय, पोचपावतीचा शिक्का माझ्याकडे आहे, उत्तर मात्र आलेलं नाही. तिथला माणूस स्वभावाने चांगला, हळूच म्हणाला, बाई हे सगळं वरून ठरतं. वरून म्हणजे कोणाकडून ते त्याने सांगितलं नाही, पण गोव्यात वर म्हणजे शेवटी पर्वरीची विधानसभाच, म्हणून हे पत्र तुम्हाला. आणि उघड लिहितेय ते यासाठी की आमच्यासारखे बाकीच्या वाड्यांवरचे पालकही वाचतील.

मी सत्तरी तालुक्यातली. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण नाव आलं की त्रास मला होत नाही, आमच्या शाळेतल्या बाईंना होतो. मिस्टर खाणीवर ट्रक चालवायचे, २०१२ ला खाण बंद पडली, मग पुन्हा थोडी चालू, २०१८ ला पुन्हा बंद, शेवटी ट्रक विकून औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. मुलगा आठवीत, तालुक्याच्या गावातल्या हायस्कूलात, आणि धाकटी तिसरीत, आमच्याच वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेत. ही शाळा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळातली. माझे सासरे तिथे शिकले, मिस्टर शिकले. मुक्तीनंतर गावागावात मराठी शाळा निघाल्या तेव्हा रस्ता नसलेल्या वाड्यावरसुद्धा मास्तर चालत पोचायचे असं सासरे सांगतात. आता रस्ता हॉटमिक्सचा आहे, मास्तर नाहीत.

तर आता आमच्या शाळेचा पट कमी झाला म्हणून ती पलीकडच्या गावातल्या शाळेत विलीन करणार असं आम्हाला तोंडी सांगण्यात आलं. लेखी काही नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे, मलाही बाहेरून कळलं. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असायला पाहिजेत, शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा, आणि शाळा बंद करायची गोष्ट मात्र आम्हाला दुकानावर समजते.

पट कमी आहे हे मला मान्य आहे. तो कमी कसा झाला एवढंच मला तुम्हाला सांगायचंय.

काही वर्षांमागे शाळेत वीसच्या वर मुलं होती आणि दोन शिक्षिका होत्या. एकीची बदली झाली, तिच्या जागी कोणी आलंच नाही. राहिलेल्या बाई चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसायच्या, पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन चौथीचा भागाकार. मग त्यांना मतदारयादीच्या कामाला लावलं. ज्या दिवशी बाई त्या कामाला, त्या दिवशी कधी अंगणवाडीच्या ताई मुलांवर लक्ष ठेवायच्या, कधी मुलांना लवकर घरी सोडायचे. आता सांगा, ज्याच्या घरी परवडतंय तो बाप किती दिवस थांबणार? अनुदानित शाळेचा पिवळा बालरथ, म्हणजे मुलांची बस, वाड्याच्या तिठ्यावर येऊन उभा राहतो, हॉर्न वाजवतो, तिथे वर्गाला वेगळा शिक्षक आहे. एकेक करून मुलं गेली. राहिली ती कोणाची? कामाला आलेल्या मजुरांची, धनगरवाड्यावरची, आणि आमच्यासारखी दोन-तीन हट्टी घरं. विहिरीवरचा पंप काढून न्यायचा आणि मग पाणी येत नाही म्हणून विहीर बुजवायची, असा हा कारभार आहे.

आता एकेक मुद्दा घेते.

पहिला शिक्षकांचा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय, प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक. साठपर्यंत म्हणजे आठ असली तरी दोनच. म्हणजे एकशिक्षकी शाळा ही मुळात कायद्यात बसतच नाही, आणि आपल्याकडे ती इतकी अंगवळणी पडलीय की त्याच्यावर कोणाला आश्चर्यसुद्धा वाटत नाही. त्याच कायद्याच्या कलम २६ मध्ये म्हटलंय की मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिकामी ठेवायची नाहीत. आमच्या शाळेत दोनातलं एक पद रिकामं, म्हणजे किती टक्के झाले ते तुम्हीच मांडा. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि शिकवण्याचे ८०० तास असायला पाहिजेत. माझ्या धाकटीला किती तास मिळाले याचा हिशोब कोणाकडेच नाही, मी मागितला तेव्हा लोक माझ्याकडे बघत राहिले. आणि गंमत बघा, २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष ७ एप्रिललाच सुरू केलं, नव्या धोरणाप्रमाणे तास भरायला पाहिजेत म्हणून. तेव्हापासून थोरला एप्रिलच्या उकाड्यात घामाघूम होऊन घरी येतो. तासांची एवढी काळजी असेल तर ती वाड्यावर का पोचत नाही?

दुसरं, ही बाहेरची कामं. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक याला कलम २७ मध्ये सूट आहे, ती मला मान्य, कोणीतरी करायलाच पाहिजे ते काम. पण सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय की मतदारयाद्यांचं काम शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी आणि शिकवणी नसलेल्या वेळात द्या, शाळेच्या वेळात साधारणपणे देऊ नका. हे कोण पाळतं? २०२५ च्या नोव्हेंबरात एसआयआरची, म्हणजे मतदारयादीच्या विशेष फेरतपासणीची, घरोघरी फिरती सुरू झाली, डिसेंबरात जिल्हा पंचायतीची निवडणूक, मग जनगणनेची घरयादी, मग प्रत्यक्ष शिरगणती, आणि २०२७ मध्ये तुमचीच निवडणूक. सगळ्याला हक्काची माणसं कोण तर शिक्षक. शंभर शिक्षक असलेल्या गावातून एक नेला तर चालतं, एकच शिक्षक असलेल्या शाळेतून तो एकच नेला तर त्याला शाळा बंद करणं म्हणतात. हे एवढं साधं गणित यादी करणाऱ्याला दिसत नाही का? आणि शाळेत असतात तेव्हाही बाईंच्या हातात मोबाइल, यूडायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरा, प्रत्येक मुलाचा अपार आयडी म्हणजे ओळख क्रमांक काढा, अमुक दिवस साजरा केल्याचा फोटो पाठवा, माध्यान्ह आहाराचे आकडे टाका. फोटो पोचला नाही तर विचारणा होते. मुलीला वाचता येतं का, हे विचारायला गेल्या कित्येक महिन्यांत कोणी आलेलं मला तरी माहीत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर तुम्हाला राग येईल. बदल्या. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा इथल्या आतल्या शाळेत ऑर्डर निघाली की माणूस आधी शाळा कुठे आहे ते बघायला जात नाही, आमदाराच्या पीएचा नंबर शोधतो. हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. चिठ्ठी जाते, बदली थांबते किंवा फिरते, शिक्षक शहराजवळ आणि रिकामी जागा आमच्याकडे. तुम्ही म्हणाल आम्ही लोकांची अडचण बघून पत्र देतो, खरं असेल, एखाद्याच्या घरी खरंच आजारी माणूस असतं. पण तुमच्या एका पत्राने एका घरची अडचण सुटते आणि एका वाड्याची शाळा मोडते. त्या वाड्यावरचा कोणी पत्र मागायला येत नाही एवढंच.

आणि हे फक्त गोव्यातलं नाही. रात्री मुलं झोपल्यावर मी हे सगळं वाचत बसते, मिस्टर म्हणतात तुला आता पीएचडी देतील. ब्राझीलमध्ये नगरपालिकेत पक्ष बदलला की शाळांतले मुख्याध्यापक आणि शिक्षक बदलतात, आणि त्या शाळांतल्या मुलांचे मार्क खाली येतात, असं तिथल्या अभ्यासात दिसलंय. त्याच ब्राझीलमधलं सोब्राल हे सेआरा राज्यातलं, दुष्काळी गरीब भागातलं शहर. तिथे मुख्याध्यापक वशिल्याने नेमायचं बंद केलं, लायकी तपासून नेमायला लागले, प्रत्येक मुलाला वाचता येतं की नाही ते नियमित तपासायला लागले, आणि काही वर्षांत त्या शहराच्या शाळा देशात अगदी वरच्या नंबरावर गेल्या. व्हिएतनाम आपल्यासारखाच गरीब देश, २०१२ मध्ये पिसा नावाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत पहिल्यांदाच बसला आणि गणितात अमेरिका, इंग्लंडच्या पुढे गेला. आपण मात्र शाळा चालत नाही म्हटलं की निधी नाही म्हणायचं आणि निधी आला की भिंतीला रंग काढायचा.

भरतीबद्दल जास्त बोलत नाही. २०२४ च्या शेवटी सरकारी नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या, अटका झाल्या, सगळ्या गोव्याने वाचलं. माझ्या ओळखीतली बी.एड. झालेली मुलगी त्या बातम्या वाचून म्हणाली, वहिनी आता मी फॉर्म भरायचाच सोडला. कंत्राटी शिक्षकांचंही तसंच, पॅरा टीचरांचं आंदोलन तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. केनियात कंत्राटी शिक्षक नेमायची एकच योजना काही शाळांत एका संस्थेने राबवली आणि काही शाळांत सरकारने. संस्थेच्या शाळांत मुलं पुढे गेली, सरकारच्या शाळांत फरक पडला नाही, पगार उशिरा आणि देखरेख ढिली. योजना तीच, शिक्षकही तसलेच, चालवणारे वेगळे.

आता पैशाचा हिशोब, हा माझा रोजचा धंदा आहे त्यामुळे यात मला जास्त चीड येते. युगांडात १९९१ ते १९९५ मध्ये शाळांना दर मुलामागे सरकार जे अनुदान पाठवायचं त्यातलं सरासरी फक्त १३ टक्के शाळेपर्यंत पोचायचं. बाकीचं मधल्या मधे. मग सरकारने काय केलं, कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली आणि शाळेच्या भिंतीवर लावायला लावलं. २००१ पर्यंत ८० टक्क्यांच्या वर पोचायला लागले. आकडा लोकांना दिसला ही त्यातली मोठी गोष्ट. आमच्याकडे पैसे कोणी खातो असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय पतसंस्थेत आम्ही व्हाउचरसुद्धा पास करत नाही. पण आमच्या शाळेसाठी या वर्षी किती रक्कम मंजूर झाली, किती आली, छपराच्या कौलांचं एस्टिमेट कुठल्या टेबलावर आहे, हे समितीवरच्या बाईला कळू शकत नाही, तर बाकीच्यांना काय कळणार. आम्ही खाणपट्ट्यातले लोक. जिल्हा खनिज फाउंडेशनचा निधी खाणबाधित गावांसाठी आहे आणि शिक्षण त्याच्या प्राधान्याच्या यादीत आहे. धूळ आम्ही खाल्ली, त्यातले किती रुपये आमच्या वाड्यावरच्या शाळेत पोचले?

माध्यान्ह आहार करणाऱ्या महिला गटांची बिलं थकतात, त्या बायका आपल्या खिशातून पावभाजीचं सामान आणतात, हे तर दरवर्षीचंच, त्यावर आता कोणी बोलतही नाही.

इथे आमच्या मराठीवाल्यांनाही एक सांगते, रागावू नका. माध्यमाचा वाद आपण १९९० पासून घालतोय, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा केवढी आंदोलनं झाली, घरंच्या घरं रस्त्यावर उतरली. मीही मराठीचीच आहे, मुलगी मराठी शाळेतच घातलीय. पण त्या सगळ्या वर्षांत मराठी शाळेत शिकवायला दुसरा शिक्षक पाठवा म्हणून किती मोर्चे निघाले? भाषणात मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्यांची नातवंडं कुठे शिकतात ते मी विचारत नाही, गोवा लहान आहे, सगळ्यांना सगळं माहीत असतं.

३० मे २०२५ ला गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाला. मला आनंदच झाला, म्हाताऱ्या माणसांनी सही शिकणं ही मोठी गोष्ट आहे. कोडिंग रोबोटिक्सची योजनाही हायस्कूलात आली, थोरला त्यावर तासभर बोलतो. पण खाली पहिली-दुसरीला वाचायला शिकवणारं माणूसच नसेल तर वर रोबोट घेऊन मूल करणार काय.

आणि जमत नाही असं मात्र सांगू नका. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात यायचं ठरलं तेव्हा पणजीत काही महिन्यांत मल्टिप्लेक्स उभं राहिलं, गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत चकाचक झाली. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, बघत होतो. सरकारला एखादी गोष्ट पाहिजे असली की फाइल कशी पळते ते गोव्याने बघितलंय.

तर आमच्या मागण्या. भीक म्हणून मागत नाही, यातल्या अर्ध्या गोष्टी कायद्यातच आहेत.

एक, आमची आणि आमच्यासारखी कुठलीही शाळा विलीन करायच्या आधी त्या शाळेत मागच्या तीन वर्षांत मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि शिक्षक किती दिवस दुसऱ्या कामाला होते, हे लेखी जाहीर करा. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या, तिचा ठराव घ्या. तोपर्यंत विलीनीकरण थांबवा.

दोन, प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्या. एखादी शाळा एकशिक्षकी असेल तोपर्यंत तिथल्या शिक्षकाला मतदारयादी, जनगणना कशालाच नेऊ नका. सुशिक्षित बेकार मुलं गोव्यात भरपूर आहेत, त्यांना मानधन द्या, करतील.

तीन, बदल्या वर्षातून एकदाच, मे महिन्यात, ठरलेल्या गुणांवर, यादी सगळ्यांना दिसेल अशी. आतल्या भागात ठरावीक वर्षं काढल्याशिवाय बाहेर बदली नाही, खरी आजारपणाची अडचण असेल तर तीही यादीत कारणासकट लिहा. आणि तुम्ही चाळीस जणांनी मिळून जाहीर करा की आम्ही शिक्षकांच्या बदलीसाठी चिठ्ठी देणार नाही. याला एक रुपयाही खर्च नाही.

चार, शाळेला आलेला प्रत्येक पैसा शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लिहा. मंजूर किती, मिळाला किती, खर्च कशावर. खनिज निधीसुद्धा. खडूने लिहिलं तरी चालेल.

पाच, विलीनीकरण व्हायचंच असेल, आमच्या समितीने हो म्हटलं असेल, तर आधी गाडी आणि मग आदेश. सहा वर्षांचं पोर पावसात रानातल्या रस्त्याने चालत पाठवायला आम्ही तयार नाही. प्राथमिकच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा असा नियम आहे, तो बदललाय असं कोणी मला अजून दाखवलेलं नाही.

येत्या अधिवेशनात तुमच्यातल्या कोणीतरी याच्यावर तारांकित प्रश्न टाका. प्रश्न कसा लिहायचा ते मी वर लिहूनच दिलंय, फक्त मंजूर पदं, भरलेली पदं आणि बाहेरच्या कामाचे दिवस, तालुकावार नको, शाळावार. तालुक्याची सरासरी काढली की आमची शाळा त्यात बुडून जाते. सत्तरीच्याच आमदारांनी विचारायला पाहिजे असं नाही, बार्देशातल्या कोणी विचारलं तरी आम्हाला चालेल. उत्तर सभागृहाच्या पटलावर आलं की ते मी छापून शाळेच्या दारावर लावते.

आपली,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
सत्तरी, गोवा